ज्वारीच्या मुलखातील मधुमेह

पैनगंगेच्या दक्षिणेकडील आदिलाबाद जिल्ह्यात, जिथे तेलुगूबरोबर मराठी आणि गोंडीही बोलली जाते, ज्वारीची भाकरी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे मुख्य अन्न होते; परंतु 1983 मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ देण्यास प्रारंभ केल्यानंतर ताटात भाताचा वाटा वाढत गेला. भूक भागविणाऱ्या योजनेला दोष देणे अन्यायाचे ठरेल, तरीही पॉलिश केलेल्या तांदळातील पिष्ट लवकर पचून रक्तातील साखर झपाट्याने वाढवते, आणि नांगराऐवजी ट्रॅक्टर, पायपिटीऐवजी दुचाकी आल्यावर ती खर्ची पडत नाही.

मधुमेह वाढण्याचे दुसरे कारण जन्माआधीचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानुसार कमी वजनाच्या भारतीय बाळांतही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, त्यामुळे पुढे इन्शुलिनचा, म्हणजे साखर पेशींत पोहोचविणाऱ्या संप्रेरकाचा, प्रभाव कमी पडू शकतो. सडपातळ कापूस उत्पादकही म्हणूनच निर्धास्त राहू शकत नाही.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही असल्याचे सांगितले. तिशी ओलांडलेल्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तातील साखरेची तपासणी विनामूल्य होते. तिचा लाभ लक्षणांची वाट न पाहता घ्यावा.