ट्रेकचे मोजे आणि संशोधनातला ‘दुसरा पेपर’

पेट झाली, गाइड मिळाले, आता लिटरेचर रिव्ह्यू सुरू करायचाय, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असतील. रिव्ह्यू म्हणजे पेपर गोळा करायचे आणि एकेकाचा सारांश लिहायचा, असं अनेकांना वाटतं. ते कुठे फसतं हे बघायला आज मुद्दाम एक साधा प्रश्न घेऊ: ट्रेकला कोणते मोजे घालावेत?

प्रश्न फालतू वाटेल. पण चांदूर रेल्वेकडून पोहरा-मालखेडच्या जंगलात किंवा वर मेळघाटात फील्डवर्कला जाणाऱ्यांना विचारून बघा. वनस्पतिशास्त्र असो, प्राणिशास्त्र असो की भूगोल, टाचेला फोड आला की दुसऱ्या दिवसाचं काम बुडालं. एखाद्या झाडाचा फुलोरा त्याच आठवड्यात संपला, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा.

आपण पडलो कापसाच्या मुलखातले. शिवारात पऱ्हाटी, अंगावर सुती कपडे, म्हणून मोजेही सुतीच घेतो. ट्रेकवाले मात्र म्हणतात, सुती नको. काहून? तर ‘सूत घाम शोषतं’. हे उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे.

फोड येतो कसा?

फोड नुसता वरून घासल्याने येत नाही. चालताना टाचेचं हाड मागे-पुढे सरकतं, पण कातडी मोज्याला धरून बसते. मधल्या थरांवर ताण पडतो. तो पुन्हा पुन्हा पडला की कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या जागेत पाणी भरतं. ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त घट्ट धरते, म्हणून घामट पायाला धोका जास्त.

आता आकडे बघा. २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, नायलॉन ४ टक्के, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आणि लोकर? साधारण १५ टक्के! म्हणजे ओलावा धरणं हाच दोष असता, तर लोकरीचे मोजे सगळ्यात वाईट ठरायला हवे होते. प्रत्यक्षात ट्रेकसाठी त्यांचीच शिफारस होते. कारण लोकरीचा धागा कुरळा असतो, ओला झाला तरी पुन्हा फुगतो. सूत ओलं झालं की दबतं, मोजा ढिला पडतो, वळ्या पडतात.

पहिला पेपर

१९९० साली हेरिंग आणि रिची यांनी लांब पल्ल्याच्या ३५ धावपटूंवर अभ्यास केला. मोजे एकाच घडणीचे, फरक फक्त धाग्याचा: एक सुती, दुसरे अॅक्रिलिकचे. डबल-ब्लाइंड पद्धत, म्हणजे कोणते मोजे कोणाला मिळाले हे धावपटूंना ठाऊक नाही आणि फोड तपासणाऱ्यांनाही नाही. सुती मोज्यांत फोड जवळपास दुप्पट आले आणि आकाराने तिप्पट मोठे.

बहुतेक जण इथेच थांबतात. रिव्ह्यूमध्ये एक वाक्य येतं, ‘अॅक्रिलिक सुतापेक्षा चांगलं’, आणि पुढे तेच वाक्य एकाच्या थिसिसमधून दुसऱ्याच्या थिसिसमध्ये जातं.

दुसरा पेपर

त्याच दोघांनी १९९३ मध्ये पुन्हा अभ्यास केला. या वेळी मोजे खास दाट गादीच्या विणीचे नव्हते, बाजारात सर्रास मिळतात तशा साध्या गादीचे होते. निकाल? अॅक्रिलिक सरस असल्याचं दिसलंच नाही.

म्हणजे पहिला पेपर चुकला का? नाही. पहिल्यात वीण दाट होती आणि अशा विणीत धाग्याचा फरक दिसला. वीण बदलली तसा तो फरक गेला. धागा आणि वीण हे दोन चल एकमेकांच्या साथीने काम करतात. पहिल्या पेपरचं वाक्य ‘अशा दाट विणीच्या मोज्यांत’ एवढे शब्द जोडल्याशिवाय पूर्ण होत नाही. तुमच्या विषयातही असे शब्द गाळलेले असतील, ते शोधा.

मोजलं काय?

१९९६ मध्ये नॅपिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ३५७ मरीन रिक्रूटांचा १२ आठवड्यांचा अभ्यास छापला. तीन गट केले: नेहमीचा लष्करी मोजा, त्याच्या आत पातळ पॉलिएस्टरचा मोजा, आणि पातळ मोज्यावर जाड, दाट लोकर-पॉलिप्रॉपिलीनचा मोजा. फोड आले अनुक्रमे ६९, ७७ आणि ४० टक्के जणांना. म्हणजे नुसता आतला मोजा घालून फायदा नाही, असं वाटेल. पण दवाखान्यात जावं लागेल इतके वाईट फोड होते २४, ९ आणि ११ टक्के जणांना. ‘फोड आला का’ विचारलं तर आतला मोजा हरला, ‘काम थांबलं का’ विचारलं तर जिंकला. सिनॉप्सिसमध्ये तुम्ही काय मोजणार हे आधीच ठरवा, असं गाइड बजावतात ते यासाठीच.

मग घ्यायचं काय?

लेबल वाचा. शंभर टक्के सुती टाळा. लोकर-नायलॉनचं मिश्रण परवडत असेल तर उत्तम, नाहीतर टाच-चवड्याला दाट गादी असलेले पॉलिएस्टर किंवा अॅक्रिलिकचे मोजे चालतात. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात. बूट सोबत न्या. जाड मोज्याने बूट आवळत असेल तर ती जोडी तुमची नाही. टाच नेमकी बसली पाहिजे, वळी पडता कामा नये. उंची बुटाच्या काठाच्या वर हवी, नाहीतर दिवाळीनंतर कुसळी गवतातून जाताना कुसळं थेट कातडीत. एक कोरडी जोडी पिशवीत ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत बदला. नवी जोडी आधी घराजवळ चार-पाच किलोमीटर चालून बघा.

एक गोष्ट उरते. हे अभ्यास अमेरिकेतल्या धावपटूंवर आणि सैनिकांवर झाले, एप्रिलच्या वऱ्हाडात नाही. मग तुमच्या बॅचमध्येच छोटा पायलट करून बघा: एका पायात सुती, दुसऱ्यात पॉलिएस्टर, वीण आणि जाडी सारखीच. कोणत्या पायात काय, ते नाणं उडवून ठरवा. माणूस तोच, बूट तेच, रस्ता तोच, म्हणून तुलना स्वच्छ होते. मालखेडच्या तलावापर्यंत चालून या आणि फोड आला की नाही एवढंच लिहू नका, किती मोठा आला आणि दुसऱ्या दिवशी चालता आलं का, तेही लिहा.