सही-शिक्क्यानिशी चोरी

नोव्हेंबर २०१४च्या शेवटच्या आठवड्यात मोल्दोव्हातल्या तीन बँका रिकाम्या झाल्या. रोमानिया आणि युक्रेन यांच्या बेचक्यातला हा देश आपल्याकडे सहसा कोणाच्या लक्षात नसतो. २०२२मध्ये युद्ध पेटल्यावर ओदेसा भागातले काही भारतीय विद्यार्थी याच वाटेने रोमानियात पोहोचले, तेवढ्यापुरतं त्याचं नाव आपल्या बातम्यांत येऊन गेलं. लोकसंख्या तीसेक लाख, म्हणजे आजच्या पुणे शहराहूनही कमी. १९९१पर्यंत हे सोव्हिएत संघातलं एक प्रजासत्ताक होतं. आज शेती, वाइन आणि परदेशी कामाला गेलेल्या लोकांनी घरी धाडलेला पैसा यांवर त्याचा गाडा चालतो. एवढ्याशा देशाच्या बँकांतून सुमारे १०० कोटी डॉलर निघून गेले, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाचा जवळजवळ आठवा हिस्सा. या प्रकाराला तिथे ‘अब्जाची चोरी’ असंच नाव पडलं. मात्र चोरीत जे असावं असं आपण धरून चालतो, म्हणजे फोडलेलं कुलूप, रात्रीचा अंधार, बेसावध पहारेकरी, त्यातलं इथे काहीच नव्हतं.

तिघींपैकी बांका दे इकोनोमी ही सोव्हिएत काळातल्या बचत बँकेची वारसदार. पेन्शन आणि सरकारी पगार तिच्यातून निघत, खेड्यापाड्यांत तिच्या शाखा. २०१३मध्ये नवे शेअर काढून तिच्यातला सरकारचा हिस्सा ५६ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणला गेला आणि सूत्रं खासगी हातांत गेली. बांका सोशियाला आणि युनिबँक यांचे शेअरही त्याच सुमारास, एकमेकांशी वरकरणी संबंध नसलेल्या खरेदीदारांनी घेतले. केंद्रीय बँकेच्या सांगण्यावरून पुढे क्रोल या कंपनीने चौकशी केली, तेव्हा कर्ज घेणाऱ्या बऱ्याचशा कंपन्यांचे धागे इलान शोर या तरुण व्यावसायिकापर्यंत जाताना दिसले. शोर २०१४मध्ये बांका दे इकोनोमीच्या संचालक मंडळाचे अध्यक्षही होते. तिन्ही बँका एकमेकींना पैसे पुरवत, एकीचं कर्ज दुसरीच्या कर्जातून फिटे आणि ताळेबंद धडधाकट दिसे. मग २४ ते २६ नोव्हेंबर या तीन दिवसांत उरलीसुरली रक्कम कर्जरूपाने बाहेर पडली. २७ तारखेला बँकेची कागदपत्रं नेणारी गाडी चोरीला गेली आणि जळालेल्या अवस्थेत सापडली. ३० तारखेला संसदेची निवडणूक होती.

यातली खरी बोचणारी तारीख मात्र १३ नोव्हेंबर आहे. त्या दिवशी, म्हणजे शेवटचा मोठा उपसा व्हायच्या आधीच, सरकारने बंद दाराआड निर्णय घेतला: या बँकांना केंद्रीय बँकेने तातडीचं कर्ज द्यावं, हमी सरकारची, रक्कम ९५० कोटी लेउ (लेउ हे तिथलं चलन). मार्च २०१५मध्ये आणखी ५३४ कोटींची हमी दिली गेली. ठेवीदार बुडू नयेत, हे कारण सांगितलं गेलं आणि ते खोटं नव्हतं. पेन्शनर रांगेत उभे राहिले असते. पण त्यामुळे खड्डा कोणी भरायचा हे आधीच ठरून गेलं. २०१६मध्ये १,३३४ कोटी लेउंच्या या कर्जाचे सरकारी रोखे झाले आणि ते २५ वर्षांत, २०४१पर्यंत फेडायचं ठरलं. ज्यांनी त्या बँकांचं तोंडही पाहिलं नाही, त्यांची मुलंही ते फेडणार आहेत.

साम्यवाद कोसळल्यानंतरच्या देशांतले अतिश्रीमंत कसे घडले, याचं एक ठरलेलं उत्तर आपल्या कानावर असतं. राज्य ढासळलं, कायदा उरला नाही, अराजकात ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने नेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे बऱ्याच अंशी खरं होतं. पण २०१४ म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं तेविसावं वर्ष. राज्यघटना होती, केंद्रीय बँक होती, भ्रष्टाचारविरोधी केंद्र होतं, न्यायालयं रोज भरत होती. चोरीच्या प्रत्येक टप्प्यावर कोणाची तरी अधिकृत सही आहे: शेअरविक्रीवर, कर्जमंजुरीवर, हमीवर. माझं म्हणणं असं की मोल्दोव्हात कायदा दुबळा नव्हता. तो चांगला बळकट होता आणि ते बळच भाड्याने मिळत होतं. तिथल्या धनदांडग्यांचं खरं भांडवल पैसा हे नव्हतंच. कोणत्या खुर्चीवरून कोणती सही होईल यावरचा ताबा हे ते भांडवल, आणि पैसा त्याच्यामागून येणारं व्याज.

याचा सगळ्यात लख्ख पुरावा बँकांच्या प्रकरणात नसून त्याच काळातल्या दुसऱ्या एका प्रकरणात आहे. पत्रकारांनी त्याला ‘लाँड्रोमॅट’ म्हटलं. २०११ ते २०१४ या काळात रशियातून २,००० कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोल्दोव्हामार्गे युरोपात गेली. रीत अशी: दोन कागदी कंपन्या, बहुधा ब्रिटनसारख्या प्रतिष्ठित ठिकाणी नोंदलेल्या, आपसात करार करत की एकीने दुसरीला अमुक कोटी डॉलर उसने दिले. प्रत्यक्षात दमडीही हललेली नसे. या कर्जाला हमीदार म्हणून रशियन कंपन्या राहत आणि त्यांच्या जोडीला मोल्दोव्हाचा एखादा नागरिक. हा नागरिक कशाला? तो हमीदार असला की दावा मोल्दोव्हाच्या न्यायालयात दाखल करता येई. मग ऋणको कंपनी हात वर करी, धनको न्यायालयात जाई आणि न्यायाधीश, कर्ज खरोखर दिलं होतं का हे न विचारता, हमीदारांकडून वसुलीचा हुकूमनामा देत. रशियन कंपनी ‘न्यायालयाचा मान राखून’ पैसे बेलिफाच्या खात्यात भरी. ते खातं मोल्दिंदकोनबँक या बँकेत. तिथून रक्कम लाटव्हियातल्या त्रास्ता कोमेर्त्सबांका या बँकेत, म्हणजे युरोपीय संघात. रशियातून बाहेर काढायचा पैसा आता न्यायालयीन वसुली झाला होता आणि युरोपातल्या कोणत्याही बँकेला दाखवायला शिक्क्याचा कागद तयार होता. पुढे २०१६मध्ये पंधराएक न्यायाधीशांना या प्रकरणी ताब्यात घेतलं गेलं. अराजकात हे शक्य झालं नसतं. जिथे न्यायालयाच्या हुकूमनाम्याला जगात किंमतच नाही, तिथे तो विकत घेऊन करायचं काय?

खुर्च्यांची ही वाटणी कोणी केली, याचाही कागद आहे. २००९मध्ये कम्युनिस्ट पक्षाचं राज्य गेलं आणि युरोपकडे तोंड असलेल्या पक्षांची आघाडी सत्तेवर आली. २०१०च्या अखेरीस तिने जो करार केला, त्याला जोडलेलं एक गुप्त परिशिष्ट पुढे बाहेर आलं. मंत्रिपदं वाटून घेणं हा आघाडीचा धर्मच. पण या परिशिष्टात कायद्याने स्वतंत्र असलेल्या संस्थाही वाटल्या होत्या. महाअभियोक्त्याचं कार्यालय आणि भ्रष्टाचारविरोधी केंद्र डेमोक्रॅटिक पक्षाच्या वाट्याला गेलं. या पक्षामागचं बळ म्हणजे व्लाद प्लाहोत्न्यूक: तेल, हॉटेलं, बँका आणि मुख्य म्हणजे देशातल्या मोठ्या टीव्ही वाहिन्यांचे मालक. त्यांनी पंतप्रधानपद कधी घेतलं नाही आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. प्रतिस्पर्धी व्लाद फिलात २००९ ते २०१३ पंतप्रधान होते. ऑक्टोबर २०१५मध्ये संसदेतच त्यांचं संरक्षण काढून त्यांना अटक झाली आणि पुढे नऊ वर्षांची शिक्षा. आधार होता शोर यांच्या जबानीचा, की आपण फिलात यांना २५ कोटी डॉलरची लाच दिली. फिलात निर्दोष होते असं मला सुचवायचं नाही. पण लाच दिल्याचं सांगणारा मोकळा राहिला आणि एकाच बाजूचा माणूस आत गेला. अभियोक्त्याची खुर्ची हाताशी असली की खरा खटलासुद्धा हत्यार होतो, तो असा.

या व्यवस्थेची परमावधी २०१८-१९मध्ये दिसली. जून २०१८मध्ये राजधानी किशिनाउच्या महापौरपदी आंद्रेई नास्तासे हे विरोधी नेते निवडून आले. न्यायालयाने निवडणूकच रद्द केली. कारण काय, तर मतदानाच्या दिवशी उमेदवारांनी समाजमाध्यमांवरून लोकांना मतदानाला या असं सांगितलं. पुढल्या वर्षी याहून कडी झाली. फेब्रुवारी २०१९च्या निवडणुकीनंतर सरकार बनवायला तीन महिन्यांची मुदत होती आणि निकालावर ९ मार्चला शिक्कामोर्तब झालं होतं. ८ जूनला विरोधी नेत्या माया सान्दू यांचं सरकार उभं राहिलं, तेव्हा घटना न्यायालय म्हणालं की तीन महिने म्हणजे नव्वद दिवस, ते ७ जूनलाच संपले, सबब हे सरकार घटनाबाह्य. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना तात्पुरतं दूर करून प्लाहोत्न्यूक यांच्या पक्षाच्या पंतप्रधानाकडे त्यांचे अधिकार दिले. आठवडाभर देशात दोन सरकारं होती. अखेर रशिया, अमेरिका आणि युरोपीय संघ तिघेही एकाच बाजूला आले, हा योग विरळाच. १४ जूनला प्लाहोत्न्यूक देश सोडून गेले आणि १५ जूनला त्याच न्यायालयाने आपलेच निकाल मागे घेतले. कायद्याचं कलम दोन्ही दिवशी एकच होतं.

यावर म्हटलं जाईल की ही सोव्हिएत वारशाची कीड आहे. दशकानुदशकं जिथे न्यायाधीश फोनवर निकाल विचारत, तिथे दुसरं काय होणार? वारशाचा भाग नाकारता येत नाही, पण तेवढ्याने भागत नाही. एस्टोनियाही सोव्हिएत संघातच होता आणि त्याच्या न्यायसंस्थेची ही गत झाली नाही. शिवाय चोरलेल्या पैशाच्या वाटेवर पाहिलं तर साम्यवादाचा वाराही न लागलेले पत्ते दिसतात. क्रोलच्या अहवालातली एक महत्त्वाची भागीदारी संस्था स्कॉटलंडमध्ये, एडिनबरातल्या एका पत्त्यावर नोंदलेली होती. अशा संस्थांना आपले खरे मालक जाहीर करण्याची सक्ती ब्रिटनने २०१७मध्ये केली. मोल्दोव्हातला शिक्का विकला जात होता हे खरं, पण त्यावर उमटलेलं नाव लपवण्याची सोय लंडनच्या कायद्याने केलेली होती.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो मतपेटीतून आलेला आहे. बँकांच्या प्रकरणात संशयित असताना, २०१५मध्ये शोर ओर्हेइ शहराच्या महापौरपदासाठी उभे राहिले आणि ६२ टक्के मतांनी निवडून आले. त्यांनी रस्ते नीट केले, दिवे लावले, स्वस्त दुकानं उघडली, पुढे मोफत करमणूक उद्यानही. लोक मूर्ख होते असं राजधानीतले शहाणे म्हणाले. मला ते पटत नाही. ज्या राज्याने तुमच्या नावावर २०४१पर्यंतचं कर्ज काढलं आणि रस्ता दिला नाही, त्यापेक्षा रस्ता देणारा आरोपी बरा, हा हिशेब चुकीचा असेल, पण तो हिशेबच आहे.

तिसरा युक्तिवाद बळकट हाताचा: पुतिन यांनी केलं तसं ऑलिगार्कांना, म्हणजे अशा धनदांडग्यांना, वठणीवर आणावं. रशियात २००३मध्ये युकोस या तेल कंपनीचे मिखाइल खोदोरकोव्स्की तुरुंगात गेले. डिसेंबर २००४मध्ये कंपनीचा गाभा लिलावात ९३५ कोटी डॉलरना विकला गेला. घेणारी बैकालफिनान्सग्रुप ही कंपनी काही दिवसांपूर्वीच त्वेर या शहरातल्या पत्त्यावर जन्मली होती, आणि लवकरच ती सरकारी रोझनेफ्टच्या पोटात गेली. (मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीत जवळपास निम्मा वाटा असलेली, तीच ही रोझनेफ्ट.) मालक बदलला, न्यायालय ज्याच्या खिशात होतं तो खिसा फक्त मोठा झाला.

मोल्दोव्हाने निवडलेली वाट वेगळी आहे, पण ती निर्मळ आहे असं म्हणवत नाही. २०२०मध्ये सान्दू राष्ट्राध्यक्ष झाल्या. न्यायाधीशांची मालमत्ता आणि सचोटी तपासण्याचं काम सुरू झालं, आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुतेक न्यायाधीशांनी तपासणीला सामोरं जाण्याऐवजी राजीनामे दिले. पण त्याच काळात महाअभियोक्ते अलेक्सांद्र स्तोयानोग्लो यांना ज्या पद्धतीने निलंबित केलं, तीत त्यांना न्यायालयात दाद मागायची सोयच नव्हती, असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०२३मध्ये मोल्दोव्हाविरुद्ध दिला. सप्टेंबर २०२५मध्ये संसदीय मतदानाच्या दोन दिवस आधी विरोधी आघाडीतला एक पक्ष बाद केला गेला. बेकायदा पैशाचे आरोप गंभीर होते. तरी इतक्या उशिरा झालेली बंदी पाहून २०१८ची आठवण झालेल्यांना दोष देता येणार नाही. खुर्ची आपल्या माणसाकडे असावी असं चांगल्या माणसांनाही वाटतं, हा या सुधारणेतला मोठा धोका.

तरीही काहीतरी बदललं आहे, आणि ते शोर यांच्याच वागण्यात दिसतं. २०२३मध्ये त्यांना गैरहजेरीत १५ वर्षांची शिक्षा झाली. ते मॉस्कोत आहेत. प्लाहोत्न्यूक अथेन्समध्ये पकडले गेले आणि सप्टेंबर २०२५मध्ये बेड्यांसह किशिनाउला परतले. आरोप ते नाकारतात. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मोल्दोव्हात राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान आणि युरोपीय संघाबाबतचं सार्वमत एकत्र झालं. पोलिसांच्या सांगण्यानुसार, त्याआधीच्या दोन महिन्यांत शोर यांच्या जाळ्याने एका रशियन बँकेमार्फत १ लाख ३० हजारांहून जास्त लोकांना ३.९ कोटी डॉलर वाटले. दहा वर्षांपूर्वी असं करायची वेळ आली नसती, कारण मोजकेच न्यायाधीश पुरत. घाऊक बाजार बंद झाल्यावर किरकोळीने एकेक मत घेत फिरावं लागलं. ते महाग पडतं, उघडकीला येतं आणि माल मिळेलच याची खात्री नसते. सार्वमतात युरोपची बाजू दहा हजारांच्या आसपास मतांनी जिंकली. एवढा थोडा फरक पाहता, किरकोळीचा हा धंदाही फार काही तोट्यात गेला नाही.