कृष्णाकाठचा मच्छीमार जास्त का भरडला जातो?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले. तिथली धोका पातळी 45 फूट आहे. ऊस कुजला, दुकाने बुडाली, घरे पडली. नदीवर पोट असलेल्या भोई कुटुंबांचेही हाल झाले, पण ते फारसे कुणाच्या नजरेत भरले नाहीत. पूर एकच असताना झळ सारखी का बसत नाही, हे तीन प्रश्नांनी उलगडता येते. संकट किती जोराने येते? कुटुंबाची मिळकत त्यात किती अडकलेली असते? आणि सावरायला हाताशी काय असते?

पहिला प्रश्न पावसाचा. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते आणि थोड्या तासांत मोठा पाऊस कोसळण्याची शक्यता वाढते. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. माण, आटपाडीकडे एवढा पाऊस अनेकदा वर्षभरातही होत नाही. म्हणजे सातारा आणि सांगली याच दोन जिल्ह्यांत नदीकाठच्या मच्छीमाराला पुराची भीती, तर पूर्वेकडच्या तलावांवरच्या मच्छीमाराला कोरड्या तळाची.

दुसरा प्रश्न मिळकतीचा. पुरात नदीत उतरता येत नाही. जाळी वाहून जातात आणि विक्री थांबते. तलाव सांडव्यावरून वाहू लागला की त्यात सोडलेले मासेही निसटतात.

दुष्काळाचा मार वेगळा. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, पावसाळ्यात तलाव भरल्यावर सोडतात आणि मासा विकण्याजोगा व्हायला आठ-दहा महिने लागतात. पाऊस लांबला की बीज उशिरा पडते, उन्हाळा कडक असला की पाणी लवकर आटते. वाढीचा काळ असा दोन्ही टोकांनी कापला जातो. मग लहान मासाच घाईने काढावा लागतो. सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. तलावाच्या ठेक्याची रक्कम आणि बीजाचा खर्च मात्र आधीच झालेला असतो.

त्यात पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. 20 अंशाला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसातच. उन्हाळ्यात प्रवाह मंदावलेला असताना सांडपाणी किंवा कारखान्याची मळी नदीत मिसळली, तर उरलेला प्राणवायूही संपतो आणि मासे मरून वर येतात. हवामानाच्या या माराला प्रदूषणाची जोड माणसानेच दिली आहे.

तिसरा प्रश्न सावरण्याचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. शेतकऱ्याचे नुकसान सातबाऱ्यावरच्या पिकावरून मोजता येते. भोई समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतो आणि त्यातल्या अनेक कुटुंबांकडे शेतीच नाही. आपत्तीच्या मदतीत होडी आणि जाळ्यांची तरतूद आहे, पण पाण्यात उतरताच न आल्याने बुडालेली कमाई पंचनाम्यात दिसत नाही. हवा भरलेल्या ट्यूबवर बसून मासे धरणारा आणि कुठल्याच संस्थेचा सभासद नसलेला माणूस तर यादीत येणेच अवघड. बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचा बुडालेला धंदाही असाच नोंदीबाहेर राहतो. अशा घराला सावकाराशिवाय दार उरत नाही आणि पुढच्या हंगामाची सुरुवातच कर्जाने होते.

पाऊस आपल्या हातात नाही. सावरण्याचा हा तिसरा भाग मात्र आहे. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज आणि विम्याची वाट त्यामुळे सोपी व्हायला हवी. पण नोंद असेल त्यालाच हे लाभ मिळणार. म्हणून नदीकाठच्या आणि तलावाकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने मासे धरणाऱ्या आणि विकणाऱ्या स्त्री-पुरुषांची यादी पावसाळ्याआधी तयार करावी, त्यांची जाळी-होड्या नोंदवाव्यात आणि धरणातून होणाऱ्या विसर्गाची सूचना त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचेल अशी सोय करावी. पूर ओसरल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा हे काम सोपे आहे आणि ते गावालाच करता येते.