अर्धसत्याचा हिशेब

जुलै २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे तेरावी आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली. एचआयव्ही हा विषाणूच एड्सचे कारण आहे, अशा निवेदनावर पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी तत्पूर्वीच सह्या केल्या होत्या. तरीही उद्घाटनाच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी सारा दोष एका विषाणूच्या माथी मारता येणार नाही, असे सांगून दारिद्र्याकडे बोट दाखविले. हा विषाणू निरुपद्रवी आहे, असा पक्ष कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ पीटर ड्यूसबर्ग यांनी १९८७ पासून मांडला होता. एम्बेकींच्या सल्लागार मंडळात त्यांनाही स्थान मिळाले होते.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला एम्बेकींचे म्हणणे प्रथमदर्शनी पटते, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. दारिद्र्य पुरुषाला घरापासून दूर खाणीत नेते, स्त्रीला लाचार करते आणि रुग्णाला दवाखान्यापर्यंत पोहोचू देत नाही. परंतु कारण आणि परिस्थिती यांत भेद करावाच लागतो. जमीन कितीही भुसभुशीत असली, तरी बी पडल्याखेरीज पीक उगवत नाही. अमेरिकेतील व युरोपातील हिमोफिलियाच्या कित्येक सुखवस्तू रुग्णांना दूषित रक्तघटकांतून हाच रोग जडला. त्यांच्या बाबतीत दारिद्र्याचा सिद्धान्त काय सांगणार?

हा वाद केवळ पंडितांचा राहिला असता, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. मातेकडून अर्भकाला होणारा संसर्ग रोखणारे नेव्हिरापिन हे औषध उत्पादकांनी पाच वर्षे विनामूल्य देऊ केले होते. सरकारने मात्र ते मोजक्याच केंद्रांपुरते मर्यादित ठेवले. अखेर जुलै २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाला आदेश द्यावा लागला. खर्चाची सबबही हळूहळू लंगडी पडत गेली. ज्या संयुक्त उपचाराला वर्षाकाठी दहा हजार डॉलरांहून अधिक पडत, तो मुंबईच्या सिप्ला कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये एका स्वयंसेवी संस्थेला ३५० डॉलरांत देऊ केला. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, २००० ते २००५ या काळात औषधे वेळेवर न मिळाल्याने ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसे दगावली आणि सुमारे ३५ हजार बालके संसर्ग घेऊन जन्मली.

प्रस्थापित मताविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणी नाकारू नये. वर्गात आपण विद्यार्थ्यांना तेच शिकवितो. मात्र पुरावा समोर आल्यावरही शंकेलाच धोरण बनविणाऱ्या राज्यकर्त्याला तिची किंमत स्वतः मोजावी लागत नाही. दक्षिण आफ्रिकेत ती, ज्यांच्या दारिद्र्याचा दाखला दिला गेला, त्याच गरिबांनी मोजली.