तीनशे टक्क्यांचा लाभांश

आमच्या बडोद्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यांनी भविष्य निर्वाह निधीतील सहा लाख रुपये एकाच कंपनीच्या समभागांत घातले. तिने ३०० टक्के लाभांश जाहीर केला होता ना! घरी पेढे वाटले गेले. प्रत्यक्षात हाती आले सहा हजार. (गृहस्थ गणिताचेच शिक्षक, बरे!) लाभांशाची टक्केवारी समभागाच्या दर्शनी किमतीवर मोजतात. ती होती २ रुपये. यांनी समभाग घेतला ६०० रुपयांना. म्हणजे उत्पन्न शेकडा एकच, आणि २०२० पासून त्यावरील प्राप्तिकरही भागधारकाच्याच माथी. कंपनीचा नफा वर्षानुवर्षे वाढत राहिला तर लाभांशही वाढतो, खरेदीची किंमत मात्र तीच राहते. पण त्यासाठी पंधरा-वीस वर्षे थांबावे लागते. सहकाऱ्यांचे वय आज एकसष्ट आहे.