सुईचा त्रास आणि परत न येणारा रक्तदाता

रक्तदान शिबिराचा हिशेब पिशव्यांत होतो. शिबिर गणेश मंडळाचे असो, महाविद्यालयाचे असो की एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाचे, संध्याकाळी फलकावर आकडा लिहिला जातो आणि फोटो काढले जातात. ज्याला सुई दोनदा टोचावी लागली, ज्याचा हात रात्री काळानिळा पडला, जो बिस्किटाचा पुडा हातात घेता घेता घेरी येऊन खाली बसला, असा दाता त्या आकड्यात वेगळा दिसत नाही. पुढच्या वर्षी मात्र तो येत नाही. कोणी विचारलेच तर ‘जमलं नाही’ एवढेच सांगतो.

पहिल्याच रक्तदानात त्रास झालेली व्यक्ती पुन्हा रक्तदानाला येण्याची शक्यता कमी होते, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. हा तोटा लहान नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आहे. म्हणजे सारा भार स्वेच्छेने येणाऱ्यांवर आहे. रक्त साठवून ठेवण्यालाही मर्यादा आहे. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर अवघे ५ दिवस. थॅलेसेमियाच्या मुलांना साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्यांना एकदा येऊन गेलेल्या गर्दीपेक्षा वर्षानुवर्षे येत राहणारा दाता अधिक उपयोगाचा. त्यामुळे सुईच्या त्रासाकडे ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ असे म्हणून दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. शिवाय यातील बहुतेक त्रासांची कारणे ठाऊक आहेत आणि बरेचसे त्रास टाळताही येतात.

सुई एवढी जाड कशाला?

रक्तदानाची सुई पाहून अनेकांचा धीर सुटतो, आणि ती खरोखरच जाड असते. सुईची जाडी ‘गेज’मध्ये मोजतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. दंडावर लस टोचण्याची सुई २३ ते २५ गेजची, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची असते. तपासणीसाठी रक्त काढण्याची सुई साधारण २१ किंवा २२ गेजची असते. रक्तदानाची सुई मात्र १६ किंवा १७ गेजची, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरची असते.

याचे कारण प्रवाहाच्या नियमात आहे. नळीची रुंदी निम्मी केली, तर त्याच दाबाखाली तिच्यातून जाणारा प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. बारीक सुईने ३५० मिलिलिटर रक्त काढायला फार वेळ लागेल. तेवढ्या वेळात नळीत रक्त गोठू लागेल आणि अरुंद वाटेतून ओढल्या गेलेल्या लाल पेशी फुटण्याचा धोकाही वाढेल. जाड सुईमुळे हेच काम पाच ते दहा मिनिटांत होते. ही सुई पिशवीला जोडूनच येते, निर्जंतुक असते आणि एकदाच वापरली जाते. त्यामुळे रक्तदान केल्याने एचआयव्ही किंवा काविळीची लागण होईल, ही भीती निराधार आहे.

पहिली टोच बोटाला

गंमत अशी की, ‘सर्वांत जास्त काय दुखले?’ असे विचारले तर अनेक दाते मोठ्या सुईऐवजी हिमोग्लोबिनसाठी बोटाला मारलेल्या टोचेचे नाव घेतात. बोटांच्या टोकांशी स्पर्श आणि वेदना जाणणारे मज्जातंतू दाटीवाटीने असतात. कोपराच्या आतल्या बाजूला ते तुलनेने विरळ असतात. म्हणून बोटाची टोच पेराच्या मधोमध न घेता जरा कडेला, मधल्या बोटाला किंवा अनामिकेला घेतात. हात थंडगार असेल तर रक्ताचा थेंब नीट येत नाही, मग बोट पिळावे लागते किंवा पुन्हा टोचावे लागते. आधी हात चोळून गरम केला तर एका टोचेत काम होते. ही तपासणी गाळता मात्र येत नाही. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावेच लागते, आणि ते तपासणे दात्याच्याच सुरक्षिततेसाठी आहे.

शीर सापडत नाही तेव्हा

कोपराच्या आतल्या बाजूला त्वचेखाली काही मोठ्या शिरा असतात. त्यांतली मधली शीर रक्तदानासाठी सर्वांत सोयीची असते. ती जाड असते, फारशी हलत नाही आणि बहुतेकांमध्ये बोटाने चाचपली की लागते. पण सर्वांचे हात सारखे नसतात. काहींची शीर खोल असते, तर काहींची सुई टेकताच बाजूला सरकते. सकाळपासून पाणी न प्यायलेल्या, उन्हातून चालत आलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाच्या शिरा आकसलेल्या असतात.

अशा वेळी सुई शिरेच्या शेजारी जाते किंवा शिरेच्या भिंतीला टेकून राहते आणि प्रवाह थांबतो. टेक्निशियन सुई किंचित मागेपुढे करून पाहतात. एकदा हलक्या हाताने जागा बदलून पाहणे समजण्यासारखे आहे. पण आत सुई फिरवून शीर शोधत राहणे चुकीचे आहे, कारण गंभीर इजा होण्याची शक्यता त्याच वेळी वाढते. प्रयत्न फसला तर सुई काढून घ्यावी. दुसरा प्रयत्न करायचा असेल, तर तो दात्याची संमती घेऊन, दुसऱ्या हातावर आणि नव्या पिशवीने करावा.

अर्धवट भरलेली पिशवी बहुतेक वेळा वाया जाते, यामागेही कारण आहे. पिशवीत रक्त गोठू न देणारे द्रावण आधीच मोजून भरलेले असते. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत ते ४९ मिलिलिटर असते. रक्त कमी आले की प्रमाण बिघडते. त्यात दात्याचा काहीच दोष नसतो. तरीही ‘तुमची शीरच खराब आहे’ हे वाक्य ऐकून घरी गेलेली माणसे पुष्कळ आहेत. ते वाक्य ऐकलेला माणूस पुन्हा कशाला येईल?

काळानिळा डाग कशामुळे?

सुई काढल्यावर शिरेला बारीक छिद्र राहते. ते बुजेपर्यंत थोडे रक्त आजूबाजूला झिरपले की त्वचेखाली साकळते. हा डाग पहिल्या दिवशी जांभळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळा दिसतो. शरीर साकळलेल्या रक्तातील हिमोग्लोबिन टप्प्याटप्प्याने मोडत असते. आधी हिरवे रंगद्रव्य तयार होते, नंतर पिवळे. डाग पसरताना पाहून माणूस घाबरतो, पण रंग बदलणे ही बरे होत असल्याची खूण आहे. दोनेक आठवड्यांत डाग जातो.

हा डाग टाळण्याचा उपाय साधा आहे. कापूस ठेवून हात कोपरात दुमडायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. ती सोडून द्यावी. हात सरळ ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी काही मिनिटे घट्ट दाबून धरावे, मध्येच उचलून पाहू नये. त्या दिवशी त्या हाताने पाण्याची बादली, गॅस सिलिंडर किंवा भाजीच्या जड पिशव्या उचलू नयेत. डाग पडलाच तर पहिल्या दिवशी गार पट्टी आणि नंतर कोमट शेक द्यावा.

हे त्रास अंगावर काढू नयेत

शिरेच्या आसपास त्वचेचे बारीक मज्जातंतू असतात आणि त्यांची वाट प्रत्येकात वेगळी असते. सुई त्यांना लागली तर विजेचा झटका बसावा तशी कळ मनगटाकडे किंवा बोटांकडे जाते. ही कळ नेहमीच्या टोचण्यापेक्षा अगदी निराळी असते. अशा वेळी दात ओठ खाऊन सहन करू नये, ‘सुई काढा’ असे ताबडतोब सांगावे. मज्जातंतूची इजा क्वचित होते आणि बहुतेकांत ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत भरून येते. थोड्या जणांत ती महिनोन्‌महिने रेंगाळते. सुई आत किती वेळ राहिली, याला म्हणूनच महत्त्व आहे.

त्याहून दुर्मीळ म्हणजे सुई चुकून धमनीत जाणे. रक्त नेहमीपेक्षा लालभडक दिसते आणि पिशवी फार झपाट्याने भरते. अशा वेळी सुई लगेच काढून ती जागा किमान दहा मिनिटे जोरात दाबून धरावी लागते.

घरी गेल्यावर सूज वाढत असेल, बोटे बधिर किंवा थंड पडत असतील, जागा लाल होऊन ताप येत असेल, तर रक्तपेढीला फोन करावा किंवा डॉक्टरांना दाखवावे.

घेरी येते ती भित्रेपणामुळे नव्हे

सुई आणि रक्त पाहून येणारी भोवळ ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. इतर बहुतेक भीतींमध्ये हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात. रक्त आणि सुईच्या भीतीत मात्र ते आधी थोडे वाढून मग एकदम घसरतात. मेंदूला रक्त कमी पडते, घाम फुटतो, कानात आवाज येतो, डोळ्यांसमोर अंधारी येते. ही प्रवृत्ती काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळते. धिप्पाड पहिलवानालाही घेरी येऊ शकते. तरुण, प्रथमच रक्त देणारे आणि कमी वजनाचे दाते यांत हे प्रमाण जास्त असते. महाविद्यालयातील शिबिरांत नेमका हाच वर्ग असतो.

घेरीवर दोन स्वस्त उपाय अभ्यासांत उपयोगी ठरले आहेत. पहिला म्हणजे सुई टोचण्यापूर्वी साधारण अर्धा लिटर पाणी पिणे. त्याने रक्तदाब काही काळ सावरून धरला जातो. दुसरा उपाय स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात सुईच्या भीतीवर उपचार करताना पुढे आणला. पाय, मांड्या आणि पोटाचे स्नायू काही सेकंद आवळायचे, मग सैल सोडायचे आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. त्यामुळे पायांत साचलेले रक्त वर ढकलले जाते. सुईचा हात मात्र सैलच ठेवायचा.

घेरी नेहमी खाटेवरच येते असे नाही. काहींना ती उठून उभे राहिल्यावर किंवा शिबिराबाहेर गेल्यावर येते. चहा-बिस्किटांसह दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवतात ते यासाठीच. लगेच दुचाकीला किक मारणारा किंवा गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी उभा राहणारा दाता स्वतःला धोक्यात घालत असतो. खाटेवर बसल्याजागी घेरी आली तर काळजी घेणारे चार जण शेजारी असतात, रस्त्यावर कोणी नसते.

सांगणे हाही दात्याचा हक्क

रक्तदानात दात्याला होणाऱ्या त्रासाची नोंद ठेवण्यासाठी देशात १४ जून २०१५ रोजी राष्ट्रीय दाता दक्षता कार्यक्रम सुरू झाला. नोएडातील राष्ट्रीय जैविक संस्थेकडे तो सोपवलेला आहे. रक्तपेढ्यांनी अशा घटना तेथे कळवायच्या असतात. पण दात्याने सांगितलेच नाही तर रक्तपेढी कळवणार काय? हात सुजला, तीन दिवस मुंग्या आल्या, या गोष्टी रक्तपेढीच्या कानावर घालणे म्हणजे कोणाविरुद्ध तक्रार करणे नव्हे. त्या नोंदीतूनच कोठे प्रशिक्षण कमी पडते, हे कळू शकते.

दात्याने आधीच सांगाव्यात अशा गोष्टी चारच आहेत. हे पहिलेच रक्तदान आहे का, पूर्वी कधी घेरी आली होती का, कोणत्या हाताची शीर चांगली लागते आणि सुईची भीती वाटते का. भीती वाटते असे सांगितल्यावर समजूतदार टेक्निशियन त्या दात्याला आडवे झोपवतात, मान दुसरीकडे वळवायला सांगतात आणि गप्पांत गुंतवतात. हात पसंत नसेल, दुसरी टोच नको असेल किंवा मध्येच थांबायचे असेल, तर तसे सांगण्याचा अधिकार दात्याला अखेरपर्यंत आहे. रक्तदान स्वेच्छेचे असते, याचा हाही अर्थ आहे.

आयोजकांनीही थोडे बदलावे. शंभर पिशव्यांचे लक्ष्य गाठण्यासाठी दोन टेक्निशियनांवर गर्दी लोटली की घाई होते आणि घाईत शीर चुकते. पंखा, पिण्याचे पाणी, आडवे होण्यापुरत्या खाटा आणि विश्रांतीची सावली ही तयारी फ्लेक्सच्या आधी व्हायला हवी. दुसऱ्या दिवशी प्रत्येक दात्याला एक फोन करून ‘हात कसा आहे?’ एवढे विचारले, तरी काळ्यानिळ्या डागाची भीती निम्मी होते. पुरुषांना ९० दिवसांनी आणि स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. त्या दिवशी तो दाता आपणहून येतो की नाही, यावरून शिबिर यशस्वी झाले का हे ठरवावे.