संशोधन पद्धती (ग्रंथालय व माहितीशास्त्र)

संशोधन पद्धती हा ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील (एम.लिब.) एक विषय आहे. संशोधन समस्या मांडणे, पूर्वीच्या लेखनाचा आढावा घेणे, नमुना निवडणे, माहिती गोळा करून तिचे विश्लेषण करणे आणि निष्कर्षांच्या मर्यादा सांगणे हे त्यात शिकवले जाते.

पार्श्वभूमी

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली आणि १९४८ मध्ये ग्रंथालयाच्या कामकाजाला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली. महाराष्ट्रात हा अभ्यासक्रम विद्यापीठांबरोबरच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातही चालतो. त्यामुळे नोकरी सांभाळून शिकणारे ग्रंथपालही तो पूर्ण करू शकतात.

हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण

वाचकांच्या सवयी हा लघुप्रबंधासाठी सोपा वाटणारा विषय आहे. प्रत्यक्षात तो तसा नाही. हिंगोलीतील सार्वजनिक ग्रंथालयांचा अभ्यास करायचा झाल्यास देवघेव नोंदवही हे सर्वांत सुलभ साधन ठरते. मात्र तिच्यात केवळ पुस्तक घरी नेणाऱ्या सभासदाची नोंद होते. वाचन कक्षात रोज वर्तमानपत्र वाचून जाणारा वाचक तिच्यात नसतो. सभासद वडील असतील आणि पुस्तक मुलगी वाचत असेल, तर नोंद वडिलांच्याच नावे होते. अशा नोंदींवरून ‘स्त्रिया कमी वाचतात’ असा निष्कर्ष काढल्यास तो वाचनाविषयी नसून सभासदत्वाविषयी असतो.

प्रश्नावलीलाही मर्यादा आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ आणि साक्षरता सुमारे ७८ टक्के होती. लेखी प्रश्नावली निरक्षरांपर्यंत पोहोचत नाही. तेथे संशोधकाने स्वतः प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावी लागतात. ग्रंथालयातच प्रश्नावली वाटल्यास न येणारे सगळेच गळतात. ते का येत नाहीत, हाच मूळ प्रश्न असेल तर नमुना सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील घरांमधून घ्यावा लागतो. ग्रंथपालासमोर उत्तरे भरून घेतली, तर वाचक भिडेपोटी सेवेला चांगले म्हणण्याचा संभव असतो.

कालानुक्रमे तुलना करताना आणखी एक अडचण येते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्यापूर्वीची जिल्हानिहाय आकडेवारी परभणीच्या नावे आहे. ती तालुकावार सुटी करून घेतल्याशिवाय वाढ किंवा घट सांगता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ लागू होण्यापूर्वी मराठवाड्याशी हैदराबाद राज्याच्या १९५५ च्या ग्रंथालय कायद्याचा संबंध येतो, आणि त्याही मागे, निजामी राजवटीपर्यंत जायचे असल्यास, त्या राजवटीची राजभाषा असलेली उर्दू वाचता येणे आवश्यक ठरते.